लंगोटाचा हिशेब

वाचकहो, घरात मूल जन्माला आले की पेढे वाटले जातात, बारशाची गडबड सुरू होते. त्याच दिवसापासून आणखी एक काम सुरू होते, पण त्याविषयी व्यासपीठावरून सहसा कोणी बोलत नाही. ते म्हणजे बाळाचे ओले-घाण झालेले कपडे बदलणे, धुणे आणि वाळवणे. तान्हे मूल दिवसाला दहा-बारा वेळा कपडे ओले करते. विषय क्षुल्लक वाटेल. पण दोन वर्षे, रोजच्या रोज, एकही सुटी न घेता चालणारे काम क्षुल्लक कसे म्हणावे? मी अर्थशास्त्र शिकवतो. ज्या कामाचा हिशेब घरात कोणी मांडत नाही, त्यातच पुष्कळदा पैसाही जातो आणि कष्टही जातात. म्हणून आज लंगोटाचा हिशेब मांडू. घरचे कापडी लंगोट परवडतात, की दुकानातले एकदा वापरून फेकायचे डायपर?

हिशेब कोठे बसून मांडायचा, यावरही उत्तर अवलंबून असते. पुण्यातल्या सदनिकेत, नळाच्या पाण्यावर आणि धुलाईयंत्रावर तो एक निघेल, डोंगरातल्या गावात दुसरा. आपण तो पासलीला बसून मांडू. वेल्हे तालुका, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, त्यातले हे गाव. वेल्ह्याहून भट्टी, पासली करीत रस्ता पुढे केळदला आणि मढे घाटाकडे जातो. हा सह्याद्रीच्या कुशीतला भाताचा मुलूख. आषाढ-श्रावणात येथे चार-चार दिवस ऊन दिसत नाही. आणि एवढा पाऊस पिऊनही चैत्र-वैशाखात पाण्याची ओढ लागते. पावसाळ्यात वाळवण नाही आणि उन्हाळ्यात पाणी नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवा. लंगोटाच्या हिशेबात ती मोठी जमेची, किंवा खर्चाची, बाजू आहे.

आपल्या आज्यांना हा प्रश्न पडत नव्हता. बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी आणि लंगोट येत. शिवाय घरात जुनी लुगडी आणि धोतरे असत. सुती नऊवारी लुगडे वापरून वापरून इतके मऊ होई, की बाळाच्या अंगाला त्याच्याइतके चांगले कापड दुसरे नाही. ते फाडायचे, चौकोनी तुकडे करायचे, झाले लंगोट. पण आज घराघरात ज्या साड्या आहेत, त्यांतल्या पुष्कळशा पॉलिस्टरच्या. त्या दिसायला छान, वाळायलाही झटपट, पण पाणी शोषत नाहीत. त्यांचा लंगोट केला तर ओल बाळाच्या अंगालाच राहते. म्हणजे ‘लंगोट काय, घरचे फुकटचे’ असे जे आपण म्हणतो, ते आता तितकेसे खरे राहिले नाही. सुती कापड विकत आणावे लागते, आणि म्हणून ते हिशेबात धरावे लागते.

आता दुसरी बाजू पाहू. एकदा वापरून टाकायच्या डायपरचे पंपर्स नावाचे वाण अमेरिकेतल्या पिओरिया या गावी १९६१ साली विक्रीला ठेवून पाहिले गेले. गंमत अशी, की वस्तू आयांना आवडली, पण एका नगाला दहा सेंट ही किंमत त्यांना जड वाटली. पुढे कंपनीने ती सहा सेंटपर्यंत उतरवली, तेव्हा माल खपू लागला. अमेरिकेतली आईसुद्धा आधी हिशेब करते, हे यातून दिसते. आपल्याकडे तर पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या सणसवाडीला, हगीजचा कारखाना उभा राहिला. आज गावोगाव कोणत्याही कंपनीच्या डायपरला लोक सरसकट ‘हगीज’ म्हणतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरकारने डायपरवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, म्हणून माल काहीसा स्वस्तही झाला.

या डायपरात असते काय? आतल्या बाजूला लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात मिसळलेले बारीक रासायनिक दाणे. हे दाणे स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून त्याची खीर करून टाकतात. बाहेरून प्लॅस्टिकचे अस्तर. म्हणून मूल रात्रभर कोरडे राहते, आणि आईलाही झोप मिळते. ही सोय खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

बरे, आता पाटी-पेन्सिल घ्या. मी जे आकडे घेतो ते उदाहरणादाखल. तुमच्या दुकानातला भाव वेगळा असेल तर तो घाला. एक डायपर १० रुपयांना धरू. दिवसाला सरासरी ५ लागले, तर रोजचे ५० रुपये. महिन्याचे दीड हजार. दोन वर्षांचे म्हणजे ७३० दिवसांचे झाले ३६,५०० रुपये. दुकानात एक-दोन नगांची पुडी घेताना हे कळत नाही. दहा रुपये तर गेले, असे वाटते. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच थेंबे थेंबे ते आटतेही.

कापडाचे पाहू. सुती लंगोट ४० रुपयांना एक धरला. उघडिपीत दोन डझन पुरतील, पण पावसाळ्यासाठी ४० हवेत. दुसऱ्या वर्षी झिजलेल्यांच्या जागी आणखी २० घेतले. असे ६० लंगोटांचे २,४०० रुपये. धुण्याचा साबण आठवड्याला २० रुपयांचा, म्हणजे दोन वर्षांत २,०८० रुपये. एकूण झाले ४,४८०, साडेचार हजार म्हणा. एकीकडे साडेचार हजार, दुसरीकडे साडेछत्तीस हजार. आठ पट फरक! कोणी म्हणेल, संपला हिशेब, लंगोटच घ्या.

पण थांबा. यात एक खर्च आपण धरलाच नाही. तो आईच्या हातांचा. लंगोट धुणे, पाणी आणणे, वाळत घालणे, घड्या करणे यांत रोजची पाऊण तास धरली, तर दोन वर्षांत साडेपाचशे तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला, तर हे ६८ दिवसांचे काम. तीनशे रुपये रोजाने त्याचे २०,४०० रुपये झाले. म्हणजे कापडाचा खरा खर्च साडेचार हजार नसून पंचवीस हजारांच्या घरात आहे. त्यातले साडेचार हजार रोकड पैशाने दिले जातात, आणि उरलेले आईच्या कंबरेने. घरातल्या वहीत पहिला आकडा लिहिला जातो. दुसरा कोणीच लिहीत नाही.

आता या दोन्हींची सांगड घालू. सगळेच डायपर वापरले तर कापडापेक्षा ३२,००० रुपये जास्त जातात आणि ६८ दिवसांचे काम वाचते. म्हणजे कामाचा एकेक दिवस आपण ४७० रुपयांना विकत घेतला. रोज तीनशेचा असताना हा सौदा तोट्याचा. पण दिवसा लंगोट आणि रात्री फक्त एक डायपर, असे केले तर? डायपरचे ७,३०० रुपये, आणि कापड व साबण थोडा कमी लागेल म्हणून त्याचे ४,००० धरू. रोकड ११,३०० झाली. रात्रीचे तीन-चार लंगोट आणि भिजलेली गोधडी धुवावी लागली नाही, म्हणून पाऊण तासाऐवजी अर्धा तास धरला, तर ६८ दिवसांचे ४६ दिवस झाले. वाचले २२ दिवस. त्यासाठी जादा गेले ६,८०० रुपये, म्हणजे दिवसाला साधारण ३१० रुपये. रोजाच्या भावाला भाव! शिवाय आईची झोप वर पदरात पडली.

तेव्हा उत्तर असे निघते, की रात्रीचा एक डायपर ही चैन नव्हे, आणि दिवसभराचे डायपर ही काटकसर नव्हे. मात्र यातही हंगाम पाहावा. भाताच्या लावणीत हाताला काम आहे, रोज मिळतो, पाऊस लागून राहिला आहे, कपडे वाळत नाहीत; तेव्हा डायपरवर घातलेला पैसा वसूल होतो. सुगी आटोपून हात मोकळे झाले, ऊन लख्ख पडले, की लंगोट काढावेत. भर उन्हाळ्यात दोन बादल्या पाण्यासाठी लांब जावे लागत असेल, तर पुन्हा हिशेब बदलतो. आणि एक गोष्ट सांगतो, रागावू नका. लंगोट बापाने किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी धुतले, तर आईचे ६८ दिवस निम्म्यावर येतात, आणि त्याला दुकानात एक पैसाही मोजावा लागत नाही.

पावसाळ्यातल्या वाळवणाविषयी थोडे बोलू. लंगोट चुलीवरच्या वलणीवर टाकण्याची आपली रीत आहे. वाळवण होते, पण धूर कपड्यात मुरतो. चुलीपासून जरा दूर, वारा खेळेल अशा ठिकाणी वलणी बांधावी. दमट लंगोट बाळाला मुळीच घालू नये; त्याने अंगावर लाल पुरळ येते. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावे, आणि उघडीप मिळाली की कपड्यांना कडक ऊन दाखवावे. शीचे कपडे आधी संडासात झटकून मग धुवावेत. ओढ्यावर किंवा विहिरीच्या काठावर ते धुऊ नयेत, कारण तान्ह्या मुलाच्या शीतूनही रोग पसरतात. नंतर हात साबणाने धुवावेत.

डायपर वापरणाऱ्यांनाही एक इशारा. महाग वस्तू पुरवून वापरावी, असे आपल्याला वाटते, आणि एकच डायपर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलाच्या अंगावर राहतो. ही काटकसर नव्हे. दिवसा तीन-चार तासांनी तो बदललाच पाहिजे, आणि शी झाली तर लगेच. नाहीतर कातडी सोलवटते, मूल रडते, आणि वाचवलेले दहा रुपये मलमात आणि प्रवासभाड्यात जातात. पुरळ दोन-तीन दिवसांत बसले नाही, तर आशाताईंना सांगावे किंवा पासलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. आणखी एक. मुलाला पायांवर बसवून शू-शी करवण्याची आपल्या बायकांची जी जुनी सवय आहे, ती सोडू नये. तिच्यामुळे लंगोटही कमी लागतात आणि डायपरही.

आता शेवटचा खर्च, जो कोणाच्याच वहीत नाही. वापरलेला डायपर जातो कोठे? पुणे शहरात २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे कचरावेचक महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा नेऊ लागले. उघड्यावर टाकलेले डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन त्यांना हाताने वेगळे करावे लागत. म्हणून त्यांनी लोकांना विनंती केली, की ते वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला ओळखू येईल. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही गुंडाळून वेगळा देण्याचे बंधन घातले. पण हे जेथे कचरागाडी येते तेथले. जेथे ती येत नाही, तेथे डायपर उकिरड्यावर जातो, कुत्री तो वस्तीभर ओढतात, आणि पहिल्या पावसात तो ओढ्यात उतरतो. जाळावा तर प्लॅस्टिकचा विषारी धूर निघतो. शेणखतात मिसळून तो खाचरात गेला, तर लगदा कुजतो पण अस्तर वर्षानुवर्षे राहते. म्हणून दिवसाला पाचऐवजी एक वापरणे, हे खिशाप्रमाणेच शिवारालाही हिताचे आहे. आणि कचरागाडीची मागणी ग्रामसभेत करावी, ती आपला हक्क आहे.

कोणी म्हणेल, लंगोट धुवायला पाणी आणि साबण लागतो, त्याने निसर्गाचे नुकसान होत नाही काय? ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २००८ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अडीच वर्षांत एका मुलामागे हवेत जाणारा कार्बन वायू दोन्ही पद्धतींत जवळजवळ सारखाच निघाला : डायपरचा सुमारे ५५० किलो, कापडाचा ५७०. कारण तेथे कपडे गरम पाण्यात यंत्राने धुतात आणि पुष्कळदा यंत्रातच वाळवतात. पण दोरीवर वाळवले, यंत्र पूर्ण भरून चालवले, आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरले, तर कापडाचा आकडा सुमारे २०० किलोंनी उतरतो, असेही त्यांनी दाखवले. त्यांनी सुधारणा म्हणून सांगितलेल्या गोष्टींपैकी दोरी आणि थोरल्याचे धाकट्याला या दोन्ही आपल्या घरची रीतच आहेत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. पाचवी-सहावीच्या वर्गात गुणाकार-भागाकार शिकवताना हे उदाहरण घ्या. मुलांना दुकानातला भाव विचारून यायला सांगा, घरी धुण्याला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजायला सांगा, आणि मुलगे व मुली दोघांकडून हिशेब मांडून घ्या. पैशाचा रकाना मुले लगेच भरतील. ‘आईचे तास’ हा दुसरा रकाना भरताना ती क्षणभर थांबतील. त्या रकान्यातला आकडा घरी जाऊन वडिलांना वाचून दाखवा, एवढेच त्यांना सांगा.