भोंगा वाजला, फोन वाजलाच नाही

गेल्या आषाढातली गोष्ट. पहाटेचे साडेपाच वाजले असतील. दूधवाले मामा दारातूनच ओरडले, "वहिनी, तुमच्या पतसंस्थेतून धूर येतोय! भोंगा तर मघापासनं कोकलतोय!" दुधाचं पातेलं तसंच ओट्यावर ठेवलं, पायात चपला अडकवल्या आणि निघाले. आमचे हे मागून छत्री घेऊन धावत आले, पण छत्री उघडायचं भान कुणाला होतं!

आमची महिला पतसंस्था बाजारपेठेत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढेपर्यंत छातीत नुसती धडधड. कारण आत काय आहे ते मला ठाऊक होतं. तिजोरीत शंभरावर बायकांचं सोनं तारण होतं. कुणाच्या पाटल्या, कुणाची मोहनमाळ. एकीने तर मुलाच्या फीसाठी मंगळसूत्र ठेवलं होतं आणि गळ्यात काळी पोत घालून फिरत होती. पैसा काय, पुन्हा उभा करता येतो. पण आईने घातलेला दागिना जळाला तर तो कुठून आणायचा?

देवाची कृपा, तिजोरीच्या खोलीपर्यंत आग गेली नाही. मीटरबोर्डाजवळची वायर जळली होती. एक संगणक, पडदा आणि व्हाउचरच्या फायलींचं एक कपाट एवढ्यावर निभावलं. खालच्या मेडिकलवाल्या काकांनी मेन स्विच पाडून दार उघडेपर्यंत धीर धरला होता. तासाभरात जिन्याखाली बायका जमल्या. कुणी आरडाओरडा केला नाही. एक आजी तेवढ्या पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, माझं नीट आहे ना गं?" त्या प्रश्नाने मला जेवढं लाजवलं, तेवढं कुणाच्या शिव्यांनीही लाजवलं नसतं.

कारण प्रश्न साधा होता. भोंगा वाजत होता, तर आमच्यापैकी एकीलाही फोन का आला नाही?

वायर कुठेच जात नव्हती

आमच्या संस्थेत धोक्याची यंत्रणा आहे, ती २००४ सालची. आमच्या पहिल्या अध्यक्षा शाळेत शिक्षिका होत्या, सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणायचं. त्यांनी हट्टाने ती बसवून घेतली होती. दारावर लोहचुंबकाची जोडी, दार उघडलं की दोघांची ताटातूट होऊन खटका पडणार. खोलीत माणूस हलला की ओळखणारे दोन सेन्सर. छताला धूर ओळखणारे दोन डिटेक्टर. या सगळ्यांच्या वायरी एका पॅनलमध्ये येतात. पॅनलला बॅटरी आणि बाहेर भोंगा. त्याला दुकानदार हूटर म्हणतात. आणि पॅनलशेजारी एक छोटा डबा, तो डायलर. धोका झाला की पॅनल त्याला इशारा देणार, तो टेलिफोनची लाइन उचलून आत भरलेले चार नंबर एकामागून एक फिरवणार आणि ध्वनिमुद्रित निरोप ऐकवणार. त्या काळी आमच्या तालुक्यात हे मोठंच अप्रूप होतं.

आगीनंतर दोन दिवसांनी अलार्मचं काम करणारा मुलगा आला. स्टुलावर चढून त्याने डायलरची वायर हाताने चाचपत नेली, खिडकीपर्यंत गेला आणि थांबला. म्हणाला, "मावशी, ही वायर कुठेच जात नाही."

कुठून जाणार! तीन वर्षांपूर्वी लँडलाइन आम्हीच बंद केली होती. "सगळ्यांकडे मोबाइल आहेत, मग हे भाडं कशाला भरायचं?" असा विषय संचालक मंडळाच्या सभेत निघाला. दोन मिनिटांत ठराव झाला. इतिवृत्त काढून पाहिलं, तर अनुमोदक म्हणून माझंच नाव! महिन्याचे थोडे रुपये वाचवल्याचं केवढं समाधान वाटलं होतं तेव्हा. त्या तारेला आमची राखण लटकलेली आहे, हे आम्हा अकराजणींपैकी एकीलाही आठवलं नाही. पॅनलवरचा हिरवा दिवा लागलेला असायचा, म्हणून आम्ही निर्धास्त. तो दिवा फक्त वीज आहे एवढंच सांगत होता.

आणि भोंगा ऐकून शेजारीपाजारी का धावले नाहीत? तेही आमचंच पाप. कधी डिटेक्टरमध्ये पाल शिरे, कधी वीज कमीजास्त होई, की भोंगा वाजे. आम्ही दुरुस्ती न करता तो नुसता बंद करून टाकत असू. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट मुलांना सांगतो आपण, पण स्वतः कुठे शिकतो?

बाईंचा आवाज

मला वाटलं होतं, आता सगळंच उपटून नवं बसवावं लागणार. पण तो मुलगा प्रामाणिक निघाला. पॅनल धड होतं, दारावरचे खटके धड होते. धुराचे डिटेक्टर जुने झाले होते, ते बदलले. बॅटरी फुगली होती, तीही बदलली. राहिला प्रश्न फोनचा. त्याने दोन मार्ग सांगितले. एक म्हणजे, सिमकार्ड घालायचा एक डबा मिळतो, तो जुन्या डायलरला लँडलाइनसारखाच टोन देतो. बिचाऱ्या डायलरला कळतही नाही की तार गेली आणि मोबाइल आला. दुसरा मार्ग म्हणजे जुना डायलर काढून त्याजागी सिमवर चालणारा नवा डायलर बसवायचा. तो फोन करतो, एसएमएसही पाठवतो. चोरीचा निरोप वेगळा आणि आगीचा वेगळा देतो. वीज गेली, बॅटरी उतरली, तरी कळवतो.

काढण्याआधी त्याने जुना डायलर सहज लावून पाहिला. आणि खोलीत बाईंचा आवाज घुमला. "संस्थेत धोका आहे. लवकर या." बाईंना जाऊन आठ वर्षं झाली. आम्ही सगळ्या गप्पच झालो. इतकी वर्षं त्या डब्यात बसून बाई हाक मारायला तयार होत्या, आणि आम्ही त्यांचा रस्ताच तोडून टाकला होता.

क्षणभर वाटलं, पहिला मार्ग घ्यावा, आवाज तरी राहील. पण मग त्यातले चार नंबर काढून पाहिले. पहिला बाईंच्या घरचा लँडलाइन. दुसरा तेव्हाच्या सचिवांच्या यजमानांचा, तोही लँडलाइन. तिसरा एका संचालिकेच्या मुलाचा, तो आता पुण्याला असतो. चौथा आमच्या निवृत्त झालेल्या शिपाईमामांचा. म्हणजे तार शाबूत असती, तरी उपयोग काय होता? बाईंचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला आणि नवा डायलर बसवला. बॅटरी, डिटेक्टर, मजुरी धरून आमचं काम नऊ हजारांत झालं. गाव, यंत्र आणि जागा यांप्रमाणे हा आकडा बदलेल.

नंबर कुणाचे?

खरा वाद झाला तो यानंतर. नव्या डायलरमध्ये पाच नंबर घालायचे होते. प्रत्येकीचं एकच, "माझा नको बाई, आमच्या ह्यांचा घाला." "रात्री दोन वाजता फोन आला तर मी काय करणार?" मीही मनातून तेच म्हणत होते. तेवढ्यात आमच्या व्यवस्थापक, वयाने सगळ्यांत लहान, शांतपणे म्हणाल्या, "सोनं तारण घेताना पावतीवर सही आपली असते. मग रात्रीचा फोन ह्यांना का?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. शेवटी तीन संचालिका, व्यवस्थापक आणि खालचे मेडिकलवाले काका असे पाच नंबर ठरले. काका इमारतीतच राहतात, दोन मिनिटांत पोचू शकतात. फोन आला की काय करायचं तेही कागदावर लिहून काढलं. एकटीने धावत जायचं नाही. आधी ११२ ला फोन. मग एकमेकींना. चोरीचा निरोप असेल तर पोलीस येईपर्यंत जिना चढायचा नाही. आगीचा असेल तर १०१ ला फोन, आणि दार हाताला गरम लागलं तर उघडायचंच नाही. घरच्या माणसांना सोबत न्यायचं ते न्यायचंच, पण जबाबदारी आपली.

चाचणीच्या दिवशी मुलाने डिटेक्टरखाली उदबत्तीचा जुडगा धरला. भोंगा वाजला, आणि पहिला फोन आमच्या अध्यक्षांना गेला. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, "हे कर्जवाले दिवसभर छळतात मेले!" म्हणून खटकन् कट केला! हसून हसून पुरेवाट झाली. पण त्यातून मोठा धडा मिळाला. अनोळखी नंबर कुणी उचलत नाही. आता प्रत्येकीच्या फोनमध्ये तो नंबर 'संस्था धोका' या नावाने आहे, त्याला वेगळी रिंगटोन आहे, आणि रात्री फोन गप्प केला तरी हा एक नंबर वाजेल अशी सोय मुलांकडून करून घेतली आहे.

मैत्रिणींनो, एवढं विचारून घ्या

तुमच्याही गावात पतसंस्था असेल, दुकान असेल, बचत गटाचं गोदाम असेल. लग्नकार्याला घर बंद करून जाताना लावायची छोटी यंत्रंही आता मिळतात. त्यामुळे आम्ही ठेच खाऊन जे शिकलो ते सांगते.

यंत्र ४जीवर चालतं का, हे आधी विचारा. स्वस्तातले बरेच डायलर फक्त २जीवर चालतात. जिओचं जाळं २०१६ साली सुरू झालं तेच ४जीवर. त्यांच्याकडे २जी नाहीच, म्हणून तसल्या डायलरमध्ये त्यांचं सिम चालत नाही. शिवाय जुनी जाळी कधीतरी बंद होतातच. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे २०२२ साली मोठ्या मोबाइल कंपन्यांनी ३जी बंद केलं, एटी अँड टीने तर फेब्रुवारीतच. त्याआधी घराघरांतल्या अलार्ममधले डबे बदलावे लागले. म्हणजे तारेवरून मोबाइलवर आलं की काळजी मिटली असं नाही.

सिम घेताना, जिथे पॅनल आहे त्या खोलीत कुठल्या कंपनीची रेंज येते ते पाहा. जाड भिंतीच्या खोलीत रेंज मरते. मग अँटेना वायरने बाहेर काढावा लागतो. सिम संस्थेच्या नावावर घ्या, कुण्या एकीच्या नावावर नको. आणि रिचार्ज! वापर नसलेला आणि शिल्लक संपलेला नंबर ९० दिवसांनंतर बंद होऊ शकतो. डायलरला इंटरनेट लागत नाही. 'ट्राय'ने डिसेंबर २०२४ मध्ये आदेश काढल्यापासून फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे, वर्षभराच्या मुदतीचेही पॅक मिळतात. तसा घ्या, आणि संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहा.

बॅटरीवर बसवल्याची तारीख लिहा. दोनतीन वर्षांत ती बदलावीच लागते. पावसाळ्यात रात्र रात्र वीज जाते आपल्याकडे, तेव्हा सगळा भार तिच्यावरच असतो.

"आम्ही कॅमेरे लावलेत," असं पुष्कळजणी सांगतात. लावा, जरूर लावा. पण साधा कॅमेरा झालेलं दाखवतो, झोपेतून उठवत नाही. आणि वीज गेल्यावर वायफाय बंद पडलं, की तोही आंधळा.

शेवटची गोष्ट, चाचणी. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी अकरा वाजता आम्ही भोंगा मुद्दाम वाजवतो. आजूबाजूच्या दुकानदारांना आधी सांगून ठेवलंय, म्हणजे एरवी वाजला तर तो खरा समजायचा. पाचही फोन वाजेपर्यंत कुणी जागची हलत नाही. कुणाचा नंबर बदलला, कुणी गाव सोडलं, की त्याच दिवशी यादी बदलायची, आणि तसा ठरावही केलाय. या ठरावाची सूचक मी आहे, अनुमोदक नव्हे!

त्या दिवशीच्या आजी गेल्या महिन्यात आल्या होत्या. कर्ज फेडलं, पाटल्या सोडवल्या, दोन्ही हातांत घालून खिडकीच्या उजेडात न्याहाळत बसल्या. नेमकी एक तारीख होती. भोंगा वाजला तशा दचकल्या. "काय झालं गं?" म्हटलं, "काही नाही आजी, जागे आहोत ना ते बघतोय."

तुम्हीही बघा. उद्या सकाळचा चहा झाला की आपल्या संस्थेत, दुकानात जा. भिंतीवरच्या त्या डब्याची वायर हाताने चाचपत जा, आणि ती कुठवर पोचते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या.