रेन ट्रीचा मोसम, करवतीचा मोसम

मुंबईत माटुंगा किंवा दादर पारशी कॉलनीच्या रस्त्यांवर एप्रिलच्या भर दुपारी जी गार सावली लाभते, तिच्यात रेन ट्रीचा मोठा वाटा असतो. मूळचे मध्य अमेरिकेचे आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले हे झाड आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आले. परदेशी झाड, त्याचा पाखरांना काय उपयोग, असे अनेकदा ऐकू येते. वड-उंबरासारखी फळांची पंगत ते मांडत नाही, हे खरे. पण त्याच्या अंगाखांद्यावरची वस्ती लहान नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर ते थोडे दिवस उघडे पडते. मग नवी पालवी फुटते आणि पाठोपाठ गुलाबी-पांढरे गोंडे येतात. एक गोंडा म्हणजे अनेक फुलांचा झुबका, आणि त्यातला गुलाबी रंग पाकळ्यांचा नसून लांब पुंकेसरांचा. मधमाश्या, फुलपाखरे, शिंजीर इथे मधासाठी येतात. शेंगांतला गोड, चिकट गर खारी आणि गुरे खातात.

दिवस मावळला, आभाळ दाटले, की पाने मिटतात. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, मागोमाग पाणीही जाते आणि त्या पेशी सैल पडतात. दुसऱ्या बाजूच्या फुगतात. सांधा वळतो, पान मिटते. शिवाय झाड शेंगाकुळातले असल्याने मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून देतात.

मला या झाडाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो त्याची वाळकी फांदी. तांबट पक्षी जिवंत, टणक लाकडात घर करत नाही. कुजून मऊ झालेली फांदी शोधून, बहुधा तिच्या खालच्या बाजूने तो भोक पाडतो. त्याची सोडलेली ढोली पुढे दयाळसारख्या पक्ष्याला मिळू शकते, कारण दयाळला स्वतःला ढोली कोरता येत नाही. शेंड्याजवळच्या बेचक्यांत घारी आणि कावळे घरटी बांधतात.

नेमक्या उन्हाळ्याच्या याच दिवसांत पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू होते. तांबटाची पिल्ले ढोलीत, कावळ्याची अंडी घरट्यात, गोंडे बहरात आणि खाली करवत! रस्त्यावर झुकलेली धोकादायक फांदी काढायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण एकाच बाजूने बोडके केलेले झाड तोल गमावते आणि वादळात तेच आधी पडू शकते.

मुंबईतले कित्येक रेन ट्री गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणांनी ग्रासले. ही कीड रस शोषते, चिकट गोड द्रव टाकते; त्यावर काळी बुरशी चढते आणि त्या गोडीसाठी मुंग्या किडीची राखण करतात. ढालकिडे पिठ्या ढेकूण फस्त करतात, पण बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेले तहानलेले झाड तग धरणार किती? बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या झाडांबाबत २०१३ मध्येच बजावले होते.

महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे; तोडीसाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीआधी फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक आहे का, एवढे पाहणेही त्या कामाचा भाग व्हावे. ढोली असेल आणि खाली वर्दळ नसेल, तर पिल्ले उडेपर्यंत ती फांदी राहू द्यावी. धोका नसलेल्या इतर फांद्यांची छाटणी पावसाळा सरल्यावर करता येते.