कोणतं बायॉलॉजी? कम्युनिटी कॉलेजबद्दलचे गैरसमज

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या लेकीने फोनवर ‘कम्युनिटी कॉलेजला बायॉलॉजी घेतलंय’ असं सांगितलं, की इकडे आईबाबांना अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेज आठवतं, नाहीतर बाहेरून परीक्षा देण्याची सोय. खरं तर ही पदवीचीच पहिली दोन वर्षं असतात. १९६०च्या ‘मास्टर प्लॅन’द्वारे कॅलिफोर्नियाने सरकारी उच्च शिक्षणाची तीन थरांत मांडणी केली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या वरच्या दोन थरांना गुणवत्तेची अट लागली. दोन वर्षांच्या कॉलेजांचं दार मात्र शिकू इच्छिणाऱ्या जवळपास कुणालाही मोकळं राहिलं. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत.

प्रवेशाला कटऑफ नाही, म्हणून अभ्यासही बेताचाच असणार, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे, कारण कटऑफवरून कॉलेजची लायकी ठरवायची आपल्याला सवय. इथे प्रवेश सोपा असला तरी पास होणं तसं नसतं. जीवशास्त्रात पदवी घेणाऱ्यांच्या वर्गात बऱ्याच ठिकाणी तेच ‘कॅम्पबेल बायॉलॉजी’ लावतात, जे आपल्याकडची ऑलिंपियाडची मुलं उशाशी घेऊन झोपतात. मानवी जनुकसंचाच्या वाचनात आघाडीवर असलेले क्रेग व्हेंटर व्हिएतनाम युद्धातून परतल्यावर शिकायला आले ते कॉलेज ऑफ सॅन मटेओ या कम्युनिटी कॉलेजातच. तिथून पुढे ते सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेले.

कॉलेजच्या दर्जाची चिंता करणारी मंडळी एका गोष्टीची चिंता करायची विसरतात, आणि महागात पडते ती तीच. ‘बायॉलॉजी म्हणजे बायॉलॉजी, कुठलंही घे.’ असं नसतं. क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजचं उदाहरण घेऊ. तिथे बायॉलॉजी १० आहे, ६ए-६बी-६सी आहे, ४०ए-४०बी-४०सी आहे, आणि २६ही आहे. १० क्रमांकाचा कोर्स इतिहास, कॉमर्स किंवा संगणक शिकणाऱ्यांसाठी. पदवीला एक विज्ञान विषय लागतो, ती गरज तो भागवतो. सहाची मालिका जीवशास्त्रातच पुढे जाणाऱ्यांसाठी : ६ए मध्ये सजीवांची रचना आणि विविधता, ६बी मध्ये पेशी आणि रेणू, ६सी मध्ये परिसंस्था आणि उत्क्रांती. चाळिसाची मालिका शरीररचना आणि शरीरक्रिया, तर २६ म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र. नर्सिंगकडे जाणाऱ्यांची वाट या शेवटच्या दोहोंतून जाते.

आता समजा, डॉक्टर व्हायचं म्हणून एखादीने ‘इंट्रोडक्टरी’ हा शब्द पाहून १० घेतला आणि ‘ए’ मिळवला. कोर्स उत्तम, शिक्षक उत्तम, पण जीवशास्त्राच्या पदवीत तो मुख्य विषय म्हणून धरला जाणार नाही. सहाची मालिका तिला करावीच लागेल. उलट, नर्सिंगसाठी आलेली व्यक्ती सहाच्या मालिकेत शिरली तर कष्ट दुप्पट, आणि शरीररचना बाकीच. शिवाय प्रत्येक कॉलेजने मालिकेचे तुकडे वेगळे पाडलेले असतात. अर्धी इथे, अर्धी दुसरीकडे केली, तर एखादा भाग दोनदा होतो आणि दुसरा सुटतो. नाव लांबलचक, क्रमांक छोटा. पण बघायचा तो क्रमांकच.

‘पुढे हे क्रेडिट कुठेच चालत नाहीत’ आणि ‘सगळीकडे चालतात’, अशी दोन्ही विधानं ऐकू येतात. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांपुरतं याचं उत्तर ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतं : कॉलेज निवडा, विद्यापीठ निवडा, कोणता कोर्स कशाच्या बदल्यात धरला जातो ते समोर येतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा संकुलं ठरलेल्या अटी पाळणाऱ्यांना बदलीच्या प्रवेशाची हमीही देतात. बर्कली, लॉस एंजलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत, पण या कॉलेजांतून विद्यार्थी तीही घेतात. खाजगी विद्यापीठं आणि परराज्यं यांचं ज्याचं त्याने विचारावं.

प्रयोगशाळा नावापुरती असते म्हणावं, तर एका युनिटच्या प्रॅक्टिकलला आठवड्याला साधारण तीन तास मोजतात. मायक्रोपिपेट, जेल इलेक्ट्रोफोरेसिस, मेंढीच्या हृदयाचं विच्छेदन हे सगळं आपल्या हातांनी करायचं. आपल्याकडच्या जर्नलमध्ये आधीच माहीत असलेलं उत्तर सुबक अक्षरात उतरवण्याची जी परंपरा आहे, ती इथे कामी येत नाही. घोकंपट्टी तर त्याहूनही कमी. २०११च्या ‘व्हिजन अँड चेंज’ अहवालाने अमेरिकेतल्या पदवीच्या जीवशास्त्राचा गाभा पाच संकल्पनांत मांडला, आणि त्यांत पहिली उत्क्रांती. ग्रेगॉर मेंडेलचं प्रमाण पाठ असून भागत नाही. अपेक्षेपेक्षा वेगळे आकडे आले तर का, हे लिहावं लागतं. बारावीला नव्वदच्या वर असलेल्यांना पहिल्या चाचणीत इथेच ठेच लागते.

फीबद्दल थोडक्यात. राज्याच्या रहिवाशाला सेमिस्टरच्या प्रत्येक युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे चार युनिटच्या कोर्सला १८४. रहिवासी नसलेल्याला याच्या कित्येक पट. ‘स्वस्त’ हा शब्द त्यामुळे पत्त्यावर अवलंबून. पुस्तकाचा खर्च मात्र टळू शकतो, कारण राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तकं ऑनलाइन मोफत आहेत आणि बरेच प्राध्यापक तीच लावतात.

एच-४ या जोडीदाराच्या, म्हणजे अवलंबिताच्या व्हिसावर शिकता येत नाही, हा आणखी एक पसरलेला समज. शिकता येतं, बंधन नोकरीवर आहे. इथून प्राणिशास्त्राची बीएस्सी घेऊन गेलेल्यांना ‘पुन्हा तेच कशाला’ वाटणं साहजिक आहे. पण नर्सिंगचे अनेक अभ्यासक्रम शरीररचना आणि सूक्ष्मजीवशास्त्र ठरावीक वर्षांच्या आत केलेलं मागतात. पंधरा वर्षांपूर्वीची पदवी खरी असूनही त्या रकान्यात बसत नाही.

आणि शाळेत असतानाच हे कोर्स करणाऱ्या मुलांच्या पालकांचा लाडका समज : ‘आत्ताचे गुण कोण बघतंय, करून बघू दे.’ अमेरिकेतल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांचा सामायिक अर्ज दहावी-अकरावीच्या वयात केलेल्या कम्युनिटी कॉलेजच्या कोर्सचीही गुणपत्रिका मागतो आणि त्यात ‘सी’ मिळाला असेल तर तोही सरासरीत धरतो. झेपत नसेल तर ठरलेल्या तारखेच्या आत नाव काढून घेता येतं. ती तारीख सत्राच्या वेळापत्रकात छापलेली असते.