घरातला छोटा कॅमेरा : जोडणी, उपयोग आणि मर्यादा

पुण्यात पेठेतला जुना वाडा असो की कोथरूड-सहकारनगरातली सोसायटी, अनेक घरांत आज दोनच माणसे राहतात आणि दोघांचीही सत्तरी उलटलेली असते. मुलगा बंगळुरूला किंवा कॅलिफोर्नियाला, लेक सासरी. रोज फोन होतो, ‘आम्ही मजेत आहोत’ असे सांगितले जाते. तरीही दोन्हीकडच्या मनात एक धास्ती असतेच. अशा वेळी मुठीत मावेल एवढा बिनतारी कॅमेरा घरात बसवावा आणि तो मोबाइलला जोडावा, असा विचार पुढे येतो. गेल्या काही वर्षांत रक्तदाब मोजून झाल्यावर ‘डॉक्टर, कॅमेरा बसवू का?’ असा प्रश्न विचारणारे रुग्ण आणि त्यांचे नातलग बरेच भेटतात. प्रश्न वरकरणी यंत्राचा असला, तरी तो आरोग्याचा आणि घरातल्या माणसांच्या मानाचाही आहे. म्हणून त्याचा तिन्ही अंगांनी विचार करू.

कॅमेरा कशासाठी हवा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींनुसार, अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि त्यात ज्येष्ठांचे प्रमाण सर्वाधिक असते. पडण्याइतकेच घातक असते ते पडून राहणे. वृद्ध व्यक्ती तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिली, तर शरीरातील पाणी कमी होते, दाब पडलेल्या जागी जखमा होतात, दबलेल्या स्नायूंचा नाश होऊन त्यातील द्रव्ये मूत्रपिंडांवर ताण आणतात. मदत दहा मिनिटांत मिळाली की सहा तासांनी, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. कॅमेऱ्याचा खरा उपयोग हे अंतर कमी करण्यात आहे.

दुसरा उपयोग स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी. दुपारच्या वेळी दार उघडून निघून जाणे, गॅस तसाच राहणे अशा गोष्टी वेळीच कळू शकतात. तिसरा उपयोग डॉक्टरांचा. खुर्चीतून उठताना लागणारा वेळ, चालताना एक हात न हलणे, नवी झोपेची गोळी सुरू झाल्यापासून सकाळी जाणारा तोल, अचानक आलेली आकडी किंवा भोवळ या गोष्टी दवाखान्यातल्या दहा मिनिटांत दिसत नाहीत. अशा प्रसंगाचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण निदानाला मोठी मदत करते. मात्र ते डॉक्टरांनाच दाखवावे. नातेवाइकांच्या समूहात फिरवू नये.

जोडणीपूर्वीची तयारी

बहुतेक छोटे कॅमेरे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावरच चालतात. घरातील राउटर मात्र बऱ्याचदा २.४ आणि ५ असे दोन पट्टे देतो. मोबाइल ५ वर आणि कॅमेरा २.४ वर अशी स्थिती असली, की जोडणी अडते, आणि आपले काहीतरी चुकले असे ज्येष्ठांना उगाच वाटत राहते. इंटरनेट देणाऱ्या माणसाकडून दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे देऊन घ्यावीत आणि जोडणीच्या वेळी मोबाइल २.४ च्या नावावर ठेवावा. हा पट्टा वेगाने थोडा कमी असला, तरी भिंतींपलीकडे अधिक दूर पोहोचतो. वाड्याच्या जाड भिंतींत तोच कामी येतो.

वाय-फायचा पासवर्ड मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून जवळ ठेवावा. इंग्रजी मोठ्या आणि लहान लिपीतला फरक जसाच्या तसा उतरावा. निम्म्या जोडण्या तिथेच फसतात.

जोडणीच्या पायऱ्या

१. पहिली जोडणी राउटरजवळच्या सॉकेटवर करावी. कॅमेरा कायमच्या जागी नंतर न्यावा.

२. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकात दिलेले ॲप मोबाइलच्या अधिकृत प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्यावे. अनोळखी माणसाने पाठवलेल्या दुव्यावरून कधीही घेऊ नये.

३. ॲपमध्ये खाते उघडावे. ते शक्यतो घरात राहणाऱ्या आई-वडिलांच्या मोबाइल क्रमांकावर असावे. मुलांना त्याच खात्याचा पासवर्ड न देता ॲपमधील ‘शेअर’ सोयीने पाहण्याची परवानगी द्यावी. अशी परवानगी हवी तेव्हा काढून घेता येते. घराची किल्ली घरच्यांच्या हाती राहावी, तसेच हे आहे.

४. जोडणीपुरते मोबाइलचे ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवावे. ॲप विचारील त्या परवानग्या वाचून द्याव्यात. जोडणी झाल्यावर लोकेशनची परवानगी काढून टाकली, तरी सहसा अडत नाही.

५. कॅमेऱ्याला वीज दिल्यावर त्याचा दिवा लुकलुकू लागतो किंवा तो बोलून सूचना देतो. तसे न झाल्यास ‘रीसेट’चे बारीक बटण काही सेकंद दाबून ठेवावे.

६. ॲपमधील अधिकचे चिन्ह दाबून कॅमेरा निवडावा, वाय-फायचे नाव आणि पासवर्ड भरावा. काही कॅमेऱ्यांत मग मोबाइलच्या पडद्यावर क्यूआर कोडचा चौकोन उमटतो. तो भिंगासमोर वीतभर अंतरावर स्थिर धरावा. हात थरथरत असल्यास मोबाइल टेबलावर टेकवून उभा करावा. यशस्वी झाल्याचा आवाज येईपर्यंत थांबावे.

७. कॅमेऱ्याला ‘दिवाणखाना’, ‘मुख्य दार’ असे नाव द्यावे. तारीख आणि वेळ भारतीय आहे ना, हे पाहावे.

८. शेवटी मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर चित्र दिसते का, ते तपासावे. बाहेरून दिसले, तरच जोडणी पूर्ण झाली असे समजावे.

चित्रण साठवायचे असल्यास मायक्रो एसडी मेमरी कार्ड घालावे. ते भरल्यावर जुने चित्रण आपोआप पुसले जाऊन नवे नोंदले जाते. कंपनीच्या दूरस्थ साठवणुकीला बहुधा मासिक शुल्क पडते आणि चित्रण घराबाहेर जाते. गरज नसल्यास ती सोय घेऊ नये. सतत पाहत राहण्याने डेटाही खर्च होतो. चित्र सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने येत असेल, तर तासाला सुमारे ४५० मेगाबाइट जातात.

नेहमी येणाऱ्या अडचणी

कॅमेरा अचानक ‘ऑफलाइन’ दिसू लागला, तर आधी वाय-फायचा पासवर्ड कोणी बदलला आहे का, ते आठवावे. बदलला असेल तर कॅमेरा पुन्हा जोडावा लागतो. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज गेली, की कॅमेरा आणि राउटर दोन्ही थांबतात. राउटरसाठी लहान बॅकअप मिळतो, तो घ्यावा. पण वीज नसताना कॅमेऱ्यावर विसंबू नये, फोन करावा.

रात्री कॅमेरा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी पाहतो, म्हणून चित्र कृष्णधवल येते. खिडकीच्या काचेमागे किंवा मच्छरदाणीजवळ ठेवल्यास हे किरण उलटून सारे पांढरे दिसते. हलणारा पडदा, पंखा, देवघरातल्या समईची ज्योत, भिंगासमोरचे कोळ्याचे जाळे यांमुळे दिवसभर खोट्या सूचना येत राहतात. मग घरचे सूचना पाहणेच सोडतात आणि खरी सूचना त्यांत हरवते. ॲपमध्ये हालचाल टिपण्याचा भाग ठरवता येतो. तो दार आणि येण्याजाण्याच्या वाटेपुरता ठेवावा.

पासवर्ड : घराची दुसरी कडी

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. तिची युक्ती साधी होती : कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून पाहणे. मालकांनी ते बदललेच नव्हते. आपल्याकडेही २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटमधील एका प्रसूतिगृहातील स्त्री-रुग्णांचे कॅमेऱ्यांतील चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघडकीस आले. ज्या खोलीत कॅमेरा नसावा तिथे तो असला आणि त्याचे कुलूप कच्चे असले, म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आहे.

म्हणून पासवर्ड लांब आणि वेगळा ठेवावा. जन्मसाल, नातवाचे नाव, मोबाइल क्रमांक नको. ‘टू-स्टेप’ पडताळणी चालू करावी, म्हणजे नव्या मोबाइलवरून कोणी शिरू पाहिल्यास आपल्याकडे आलेला ओटीपी लागतो. तो कोणालाही सांगू नये. ॲप सुचवील ती सुधारित आवृत्ती वेळेवर घ्यावी. नावाजलेल्या, पक्की पावती देणाऱ्या विक्रेत्याकडूनच कॅमेरा घ्यावा. कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये निकष ठरवले आहेत, त्यांची पूर्तता झाली आहे का, हे विचारावे. जुना कॅमेरा देऊन टाकताना मेमरी कार्ड काढून घ्यावे, रीसेट करावे आणि ॲपमधून तो काढून टाकावा. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्वरित कळवावे.

कोणाची संमती घेतली?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. हा निर्णय ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते. वय वाढल्याने खासगीपणाची गरज कमी होत नाही, याचा याहून बोलका दाखला कोणता हवा?

माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांनी मुलाने बसवलेल्या कॅमेऱ्यावर रोज दुपारी पंचा टाकायला सुरुवात केली. मुलगा काळजीत, आजोबा रागात. विचारता कळले, की कॅमेरा त्यांना न विचारता लावला गेला होता. ‘शर्ट काढून बसायचीही चोरी झाली,’ एवढीच त्यांची तक्रार होती. कॅमेरा पलंगासमोरून काढून मुख्य दाराकडे वळवला, दुपारी एक ते चार तो बंद ठेवण्याचे ठरले आणि पंचा पुन्हा दोरीवर गेला.

स्वच्छतागृहात आणि कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा कदापि नको. झोपण्याच्या खोलीत तो केवळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी आणि त्याच्या किंवा सर्व जवळच्यांच्या संमतीनेच असावा. बाथरूममध्ये पडण्याची भीती असते, हे खरे; पण तिचा उपाय पकडायचा दांडा, न घसरणारी फरशी, रात्रीचा मंद दिवा आणि आतून कडी न लावण्याची सवय हा आहे. घरी येणाऱ्या मावशी आणि रुग्णसेविका यांनाही कॅमेरा कुठे आहे, आवाज नोंदतो का, हे पहिल्याच दिवशी सांगावे. व्यक्तीच्या संमतीविना तिच्या खासगी अवयवांचे चित्रण करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई अन्वये तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे.

स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सनच्या रुग्णांबाबत एक विशेष सूचना. कॅमेऱ्यातून बोलण्याची सोय असते. ती फार जपून वापरावी. भिंतीतून अचानक मुलाचा आवाज आला, की भास होणारी व्यक्ती घाबरते, शोधत फिरते आणि प्रसंगी पडते. आधी फोन करावा.

दिसले, मग पुढे काय?

समजा, पुण्यात रात्री दोन वाजता आई पडली. कॅलिफोर्नियात तेव्हा आदल्या दिवसाची दुपार असते. जागा असलेला मुलगा सूचना पाहतो. पण दाराला आतून कडी असेल, तर त्याने पाहून काय साधणार? म्हणून बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप ठेवावे, आतली कडी टाळावी आणि एक किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे द्यावी. शेजारी, जवळचा नातलग, डॉक्टर यांचे क्रमांक मुलांकडे आणि फ्रिजवर असावेत. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही तातडीसाठी ११२ आणि ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४५६७ हे क्रमांकही तेथेच लिहावेत. परदेशातून हे क्रमांक लागतीलच असे नाही, म्हणून पुण्यातील निदान दोन माणसांचे थेट क्रमांक हवेतच.

शेजाऱ्यांनी पडलेल्या व्यक्तीला घाईने उठवू नये. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडले असण्याचा संभव असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल, तर वरून काही दिसत नसले, तरी रुग्णालयात न्यावे.

वाचकहो, कॅमेरा दाखवतो. तो धरून उठवत नाही, औषध देत नाही, विचारपूसही करत नाही. चित्रात आई स्वयंपाकघरात हिंडताना दिसली म्हणून संध्याकाळचा फोन टाळू नये. ती जेवली का, झोप लागते का, हे भिंगाला कळत नाही. येत्या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्यात : कॅमेरा कुठे असेल, कोण पाहील आणि कोणत्या वेळी तो बंद राहील. जोडणीची वेळ त्यानंतर. आणि जोडणी झाल्यावर एकदा शेजाऱ्यांना किल्ली घेऊन यायला सांगून सारा सराव करून पाहावा. प्रत्यक्ष प्रसंगी तोच उपयोगी पडतो.