चासीखाली वाकणारी माणसं

जुना लष्करी ट्रक ओळखायचा असेल तर त्याच्या तोंडाकडे शेवटी पाहायचं. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात उन्हाळ्यात जुन्या लष्करी वाहनांचा मोठा मेळा भरतो. तिथे या छंदातली जाणती माणसं गाडीपाशी पोचली की आधी वाकतात. कुणी गुडघ्याखाली पोतं घेतो, कुणी सरळ गवतावर पाठ टेकून चासीखाली सरकतो. रंग, दिवे, केबिन, हौदा हे सगळं ऐंशी वर्षांत तीन-चार मालकांनी बदललेलं असतं. एक्सल, पाटे आणि चासी बदलण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही.

मी ज्या गाडीपाशी सर्वांत जास्त रेंगाळलो ती पिवळी होती. केबिन चौकोनी, कुठल्या तरी गॅरेजात पत्रा ठोकून केलेलं. हौद्याच्या जागी ओंडके उचलायचा क्रेनचा दांडा. लष्कराचं म्हणावं असं वरून काहीच दिसत नव्हतं. टोळक्यातल्या एकाने पुढच्या चाकांच्या मधे बॅटरी मारली. पुढच्या एक्सललाही डिफरन्शियल होता, म्हणजे चारही चाकांना जोर मिळत होता. दुसऱ्याने चासीच्या मध्यावर बसवलेला विंच दाखवला. तिसऱ्याने इंजिनाचं झाकण उचललं. आत सहा सिलिंडरचं, साडेसात लिटरचं डिझेल इंजिन. तेवढ्यावर निकाल लागला. ही एईसी कंपनीची मॅटाडोर.

लंडनजवळच्या साउथॉलच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा नऊ हजारांच्या आसपास गाड्या तयार झाल्या. ताकद जेमतेम 95 अश्वशक्ती, पण 5.5 इंची मध्यम तोफ आणि 3.7 इंची विमानविरोधी तोफ ओढायला ब्रिटिश तोफखान्याचा भरवसा हिच्यावर होता. इटलीच्या आघाडीवर मराठा पलटणी ब्रिटिशांच्या ज्या आठव्या सैन्यात लढल्या, त्या सैन्याच्या मध्यम तोफाही मॅटाडोरच ओढत होत्या. याच चासीवर चिलखती केबिन चढवून फिरती कमांड-गाडीही केली होती. 1941 मध्ये उत्तर आफ्रिकेत अशा गाड्या जर्मनांच्या हाती लागल्या आणि त्यांचा सेनापती रोमेल याने त्यातली एक स्वतःसाठी ठेवून घेतली. शत्रूने इतक्या आवडीने वापरावी, याहून मोठं प्रशस्तिपत्र एखाद्या गाडीला काय मिळणार!

मग एवढ्या नावाजलेल्या गाडीचं मूळ केबिन इतकं दुर्मीळ का? कारण त्याचा सांगाडा लाकडी होता, वर पत्रा. युद्धानंतर लिलावात निघालेल्या मॅटाडोर जंगलातल्या ठेकेदारांनी आणि बिघडलेल्या गाड्या ओढून आणणाऱ्या गॅरेजवाल्यांनी घेतल्या. त्या वर्षानुवर्षं उघड्यावर, पावसात राबल्या. लाकूड कुजलं, मालकांनी हाताशी होतं त्यातून नवं केबिन ठोकलं. खालचं लोखंड मात्र आजही ओढायला तयार आहे.

खरा कस लागतो तो स्कॅमल पायोनियर आणि ऑल्बियन यांच्यात. दोन्ही सहा चाकी, दोन्ही लांब नाकाच्या, दोन्ही तोफा ओढणाऱ्या. वॉटफर्डच्या स्कॅमल कारखान्याला मागणी पुरवता येईना, म्हणून ग्लासगोच्या ऑल्बियनने त्याच कामासाठी आपली गाडी काढली. जुन्या फोटोत या दोघींची हमखास गल्लत होते. अशा वेळी मागे पाहायचं. ऑल्बियनला नेहमीसारखे दोन एक्सल आणि पाटे असतात. पायोनियरला मागे चार चाकं असून एक्सल एकच असतो. त्याच्या दोन्ही टोकांना गिअरने भरलेली लांब पेटी वरखाली झुलते आणि पेटीच्या दोन टोकांना दोन चाकं बसतात. पुढचं चाक दगडावर चढलं की मागचं खाली दबतं, पण चारही चाकं जमीन सोडत नाहीत. पुढचा एक्सलही मधोमध खुंटीवर डोलतो. गार्डनरच्या 102 अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनावर ही गाडी ताशी चाळीस किलोमीटरही गाठत नसे. पण रुतलेली वाहनं बाहेर काढण्यात तिचा हात धरणारं फारसं कुणी नव्हतं. मी ती पेटी हाताने चाचपून पाहिली. 1927 साली हे ज्याला सुचलं त्याच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

मेळ्यात फोटोही येतात. कुणाच्या आजोबांनी काढलेला, शिपाई पुढे आणि ट्रक मागे अर्धा कापलेला. तेवढ्यावरही ही मंडळी बरंच काढतात. रणगाडे वाहून नेणारा अमेरिकन डायमंड टी असेल तर पुढच्या बंपरकडे बघतात. तारेचा रस्सा पुढून काढायचे रूळ तिथे दिसले तर 981, नाहीतर 980. केबिनला पक्कं टप नसेल तर गाडी 1943 किंवा त्यानंतरची. बॉनेटवरच्या आकड्याआधी एल असेल तर ब्रिटिश नोंदीत ती लॉरी, एच असेल तर ट्रॅक्टर. पुढे पिवळी गोल चकती असते, त्यावरचा आकडा पुलावरून जायचा वजनवर्ग सांगतो. वाद पेटला की पिशवीतून बार्ट वॅंडरव्हीन या डच अभ्यासकाने केलेली महायुद्धकालीन वाहनांची निर्देशिका निघते. तिची पानं तेलकट बोटांनी काळी पडलेली असतात.

पिवळ्या मॅटाडोरच्या मालकाला बहुतेकांचा सल्ला एकच होता, केबिन उतरवा, मूळ नमुन्याचं नवं बांधा, हिरवा रंग द्या. मला तो पटला नाही. युद्धात ती काही वर्षं होती, जंगलात कित्येक पट जास्त. लष्करी रूपातल्या मॅटाडोर आजही अनेक आहेत. ठेकेदाराच्या हातचं हे केबिन जगात एकच आहे. ते उतरवलं तर गाडीचं अर्ध्याहून अधिक आयुष्य भंगारात जाईल. मालक स्वतः अजून ठरवत होता, आणि घाई करत नव्हता हे मला बरं वाटलं.

जुने लष्करी ट्रक ओळखून त्यांची नोंद ठेवायचं काम आपल्याकडेही करता येण्याजोगं आहे. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनलेले शक्तिमान ट्रक आपल्या लष्करात कित्येक दशकं धावले. 1996 मध्ये त्यांचं उत्पादन थांबलं. लिलावात निघालेला एखादा शक्तिमान तुम्हाला भंगारवाल्याकडे किंवा क्रशरवर दिसला, तर तो कापला जाण्याआधी वाकून पाहा. डॅशबोर्डवरच्या आणि चासीवरच्या पट्टीचा, एक्सलचा आणि पाट्यांचा फोटो काढा, आणि गाव व तारीख त्यासोबत लिहून ठेवा. घरात कुणी फौजेत असेल, तर त्यांच्या जुन्या फोटोतला मागचा ट्रक कापू नका. तो कोणता, कुठला, ते त्यांना आजच विचारा.