डोंगरवाटेनें मोटार नेण्यापूर्वीं

बैलगाडी दूरच्या गांवीं न्यावयाची असली म्हणजे आपले वाडवडील आदल्या सायंकाळींच आस व धांव तपासून पाहत, वंगण घालीत आणि बैलांस पोटभर वैरण देऊन विसांवा देत. गाडी व ती नेणारा या दोहोंची तयारी झाल्यावांचून निघूं नये, हें शहाणपण त्यांच्या अंगवळणीं पडलें होतें. आज बैलांच्या जागीं एंजिन आलें आहे, तरी तें शहाणपण जुनें झालेलें नाहीं. सुटीच्या दिवसांत जीप किंवा तशीच मोटार घेऊन डोंगराकडे जाणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडाव्या, अशा कांहीं गोष्टी आम्ही येथें सांगूं इच्छितों.

झरीच्या भोंवतालीं काळ्या मातीचा सपाट मुलूख आहे. ही माती पावसांत फुगते व चिकट होते. चाक रुतलें तर गाडी थांबते. बहुधा याहून मोठें संकट येत नाहीं. परंतु येथून उत्तरेस जिंतूरच्या बाजूस गेलें म्हणजे अजिंठ्याच्या रांगेचा फांटा लागतो, आणि पश्चिमेस दूरवर सह्याद्रीचे कडे आहेत. तेथील मुरमाड व दगडगोट्यांच्या वाटेवर गाडी अडकण्यापेक्षां घसरण्याचें व उलटण्याचें भय अधिक. म्हणून सपाटीवर उत्तम मोटार हांकणाऱ्यानेंही डोंगर हा निराळा विषय समजून शिकला पाहिजे.

प्रथम गाडी पाहूं. टायरांवरील खांचा झिजलेल्या नसाव्यात. टायरांच्या बाजूंस चीर किंवा फुगवटा नसावा. जादा चाकांत हवा आहे कीं नाहीं, हेंही निघण्यापूर्वींच पाहावें. मऊ मातींत हवेचा दाब थोडा कमी केल्यास टायर पसरतो व पकड वाढते. परंतु पक्क्या सडकेवर येतांच ती हवा पुन्हां भरली पाहिजे. याकरितां दाबमापक व पंप जवळ असावा. एंजिन थंड ठेवणारें पाणी, एंजिनाचें तेल व ब्रेकचें तेल योग्य खुणेपर्यंत असावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कधींही उघडूं नये. आंतील वाफेनें तोंड व हात भाजतात.

सर्वांत अधिक लक्ष ब्रेककडे द्यावें. याचें कारण विज्ञानाच्या वर्गांत शिकलेल्या विद्यार्थ्यांस सहज कळेल. 2,000 किलो वजनाची गाडी 300 मीटर खालीं उतरली, तर तिची जी शक्ति मोकळी होते, तिनें 20 अंशांवरील सुमारें 17 लिटर पाणी उकळीस येईल. केवळ ब्रेक दाबून उतरल्यास ही बहुतेक उष्णता ब्रेकांतच सांठते. ब्रेकचें तेल जुनें होऊन त्यांत ओलावा शिरलेला असला, तर तें लवकर उकळतें, त्याची वाफ होते, आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाहीं. यावर उपाय एकच. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा, एंजिनालाच गाडी आवरूं द्यावी, आणि ब्रेक मधून मधून मदतीस घ्यावा. पेट्रोल वांचविण्यासाठीं गिअर काढून गाडी सोडून देणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय.

सामान भरतांना जड वस्तु खालीं व मध्यभागीं ठेवाव्या आणि दोरीनें बांधाव्या. टपावर ओझें चढविलें कीं गाडीचा गुरुत्वमध्य उंच जातो व ती आडव्या उतारावर लवकर कलंडते. बरोबर जॅक व त्याखालीं ठेवावयाची फळी, फावडें, भक्कम दोर, चाकांस लावावयाचे लाकडी ठोकळे, विजेरी, औषधांची पेटी आणि पिण्याचें पुरेसें पाणी असावें.

आतां चालकाविषयीं. त्याची झोंप पूर्ण झालेली असावी, मद्याचा थेंबही घेतलेला नसावा, आणि दर दोन तासांनीं त्यानें विश्रांति घ्यावी. पुढील वाट दिसत नसेल, तर त्यानें उतरून पायीं पाहून यावें. चढ सरळ चढावा, उतार सरळ उतरावा. अर्ध्या चढावर एंजिन बंद पडलें, तर गाडी वळविण्याचा मोह आवरावा. ब्रेक धरून, मागें जाण्याचा गिअर घालून, सरळ मागें उतरावें. अरुंद घाटांत चढणाऱ्या गाडीस आधीं वाट द्यावी. 2017 च्या वाहतूक नियमांतही असेंच सांगितलें आहे. ओढ्याच्या वाहत्या पाण्याची खोली ठाऊक नसेल, तर गाडी घालूं नये. केवळ 30 सेंटिमीटर वाहतें पाणीही लहान मोटार ढकलूं शकतें.

28 जुलै 2018 रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचारी सहलीसाठीं महाबळेश्वरास निघाले होते. पोलादपूरजवळ आंबेनळी घाटांत त्यांची बस दरींत कोसळली, आणि तींतील एकच जण वांचला. ती वाट तर सडकेची होती. मग जेथें सडकच नाहीं, तेथें किती जपावें लागेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

आमची पालकांस विनंती आहे कीं, निघतांना कोणत्या वाटेनें जाणार व केव्हां परतणार, हें घरीं कोणास तरी सांगून ठेवावें. डोंगरांत दूरध्वनि लागेलच असें नाहीं. शक्य तर दोन गाड्यांनीं जावें. सर्वांनीं आसनाचे पट्टे बांधावे. कठीण जागीं चालकाशिवाय सर्वांनीं उतरून, गाडीच्या वरच्या बाजूनें व अंतर ठेवून, पायीं जावें. आणि चालक “येथून परत फिरूं” असें म्हणाला, तर त्याची थट्टा करूं नये. घरांतील मुलांनीं वडिलांस किंवा काकांस घाटांत “आणखी जोरानें चला” असा आग्रह कधींही करूं नये. शिखर आहे तेथेंच राहणार आहे. तें पाहण्यास पुढील वर्षींही जातां येईल.