रिपीट करणाऱ्या संघाची गोष्ट

मैत्रिणींनो, आपल्या लातुरात 'रिपीट' या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. नीटला मार्क कमी पडले की लेकरू पुन्हा वर्षभर त्याच क्लासला, त्याच पुस्तकांपुढं. २०२५ च्या जूनमध्ये आमच्या धाकट्यावर ती वेळ आली. निकालानंतर तो घरात मोजकंच बोलू लागला. आणि खरं सांगते, माझंही तेच झालं. बचत गटाच्या बैठकीत 'लेकरांना समजून घ्या गं' म्हणून बायकांना सांगणारी मी, पण 'तुमचा धाकटा काय करतोय?' असं कुणी विचारलं की पटकन विषय बदलायचे.

त्याच वर्षी भाऊबीजेला त्याला बरोबर घेऊन गोव्याला भावाकडे गेले. माझा भाऊ नोकरीनिमित्त फोंड्याला असतो. २५ ऑक्टोबरचा दिवस. फराळाचे डबे आवरून बाहेर आले, तर भाऊ, भाचा आणि आमचे चिरंजीव तिघंही मोबाईलवर फुटबॉलची मॅच लावून बसलेले. मला फुटबॉलमधलं एवढंच कळतं, की चेंडू जाळ्यात गेला की गोल.

"कोण खेळतंय रे?" मी विचारलं.

"आत्या, आपला डेंपो आणि कोलकात्याचा ईस्ट बंगाल. ईस्ट बंगाल वरच्या लीगचा आहे, डेंपो खालच्या."

"मग यात बघायचं काय? हरणारच की."

त्यावर भाऊ हसला. "अक्का, हा खालचा संघ पाच वेळा देशात पहिला आलाय. बस जरा."

मी बसले. आणि त्या संध्याकाळी जी गोष्ट ऐकली, ती तुम्हालाही सांगावीशी वाटली.

डेंपो हे गोव्यातलं एकेकाळी खाणमालक असलेलं, उद्योजकांचं जुनं घराणं. वसंतराव डेंपो यांचं नाव तिथं आजही आदरानं घेतात. गोवा मुक्त झाला १९६१ साली, आणि त्याच दशकात या घराण्याच्या नावानं फुटबॉलचा क्लब उभा राहिला. आपल्याकडं गावोगाव कुस्तीची तालीम, तसं गोव्यात फुटबॉलचं मैदान. मुंबईला रोव्हर्स कप नावाची १८९१ पासूनची मानाची स्पर्धा होती. १९७० च्या दशकात डेंपोनं ती जिंकली आणि गोव्याबाहेर त्यांचं नाव झालं.

खरा सुवर्णकाळ मात्र नंतरचा. आर्मांडो कुलासो या गोवेकर प्रशिक्षकाच्या हाताखाली डेंपोनं २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. २००७-०८ मध्ये त्या लीगची आय-लीग झाली, तर तिचं पहिलंच विजेतेपद यांच्याकडं. पुढं २००९-१० आणि २०११-१२ मध्येही तेच. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याची मुलं आणि नायजेरियाहून आलेला रँटी मार्टिन्स. या रँटीनं २०११-१२ च्या एका मोसमात ३२ गोल केले होते. मधे २००८ साली आशियातल्या एएफसी कप स्पर्धेत डेंपो उपांत्य फेरीपर्यंत गेला.

त्या काळात गोव्याचा दबदबा किती होता बघा. २००७-०८ ते २०१२-१३ या सहाही वर्षांत आय-लीगचा चषक गोव्याबाहेर गेलाच नाही. तीनदा डेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. एवढंसं राज्य, आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढं!

पण या सुखाला एक दुःखाची किनार आहे. ५ डिसेंबर २००४. बंगळुरूला फेडरेशन कपची अंतिम लढत, समोर मोहन बागान. डेंपोचा ब्राझीलचा खेळाडू क्रिस्टियानो ज्युनियर यानं दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक झाली, तो खाली पडला आणि पुन्हा उठलाच नाही. वय अवघं पंचवीस. डेंपो २-० नं जिंकला, पण तो आनंद साजरा कोण करणार? क्लबनं त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्याच मोसमात हा संघ राष्ट्रीय लीगही जिंकला. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं सारखी त्याची आई येत होती. सातासमुद्रापार पाठवलेलं लेकरू, आणि घरी पोचली ती अशी बातमी.

मग पडता काळ आला. २०१४ साली आयएसएल ही पैशाची, झगमगाटाची नवी स्पर्धा सुरू झाली. आणि २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये पाच वेळचा हा विजेता खालच्या गटात घसरला. त्या वर्षी गुणतक्त्यात त्यांच्याही खाली एक संघ होता, पुण्याचा भारत एफसी. पण तो नव्यानं आलेला, म्हणून नियमानुसार त्याला घसरणीतून सूट होती. खाली जावं लागलं ते डेंपोला.

आपल्या महाराष्ट्राचं काय झालं, तेही सांगते. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये देशात दुसरा आला होता, तो २०१५ मध्ये बंद. भारत एफसी एकच मोसम खेळला आणि संपला. २०१७ मध्ये मुंबई एफसीनंही गाशा गुंडाळला. मालकांचं गणित जमेना की क्लबला कुलूप. त्यात खेळणाऱ्या पोरांनी पुढं काय करायचं, हा हिशोब ताळेबंदात कुठं येतो?

डेंपोनं मात्र घसरल्यावर दुकान बंद केलं नाही. २०१६ मध्ये खालच्या गटात खेळून ते पहिले आले आणि परत वर जायचा हक्क मिळवला. पण तेवढ्यात फुटबॉल महासंघानं नवा आराखडा पुढं आणला. त्यात आयएसएल वर, आय-लीग खाली, आणि खालच्यांनी कितीही जिंकलं तरी वर जायला जिनाच नाही! साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली, पाठोपाठ डेंपोनंही. म्हणजे परीक्षा पास होऊन प्रवेश नाकारल्यासारखं.

चूक की बरोबर, मला ठरवता येत नाही. मान राखला हे खरं. पण ऐन उमेदीतल्या कितीतरी खेळाडूंची वर्षं त्यात गेली, हेही तितकंच खरं. मोठ्यांच्या भांडणात लहानांचं नुकसान होतं, हे आपण घरोघरी बघतोच.

पुढची वर्षं डेंपो गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला. देशभरच्या पेपरात नाव नाही, टीव्हीवर दिसणं नाही. पण त्यांनी लहान मुलांना खेळ शिकवायचं सोडलं नाही. विजेत्या संघात खेळलेला समीर नाईकच पुढं त्यांचा प्रशिक्षक झाला. आपल्याकडं म्हणतात ना, पेरणी चुकली तरी बियाणं जपून ठेवावं. अगदी तसं.

मग २०२२-२३ मध्ये नियम बदलला. आय-लीग अधिकृतपणे देशातली दुसरी पायरी झाली, पण जिना लागला. आय-लीग जिंकणारा संघ आयएसएलमध्ये जाणार असं ठरलं. पहिल्या वर्षी राउंडग्लास पंजाब वर गेला, दुसऱ्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग. डेंपोनं काय केलं? पाच विजेतेपदं कपाटात असताना खालच्या पायऱ्यांवरून सुरुवात केली. २०२३-२४ मध्ये तिसऱ्या पायरीवर, म्हणजे आय-लीग-२ मध्ये, दुसरा क्रमांक मिळवला आणि आठ वर्षांनी परत आय-लीगचं दार उघडलं. २०२४-२५ च्या मोसमात विजेतेपद दूर राहिलं, पण पुन्हा खाली घसरायची वेळही आली नाही.

तर त्या संध्याकाळच्या मॅचकडं येते. स्पर्धा होती सुपर कप. डेंपोच्या संघात एकही विदेशी खेळाडू नव्हता. तरी पहिला गोल त्यांचाच! नंतर ईस्ट बंगालनं दोन गोल करून बाजी उलटवली. मी मनात म्हटलं, झालं आता. पण मॅच संपत आली आणि लक्ष्मणराव राणे या पोरानं गोल करून २-२ अशी बरोबरी साधली. आमच्या भाच्यानं अशी आरोळी ठोकली की वहिनी स्वयंपाकघरातून पळत आली. आणि धाकटा? चार-पाच महिन्यांत पहिल्यांदा तो एवढा खळखळून हसताना मी पाहिला.

आम्ही लातूरला परतलो. २८ तारखेला रात्री तो स्वतःहून माझ्याजवळ आला. "आई, डेंपोनं मोहन बागानलाही गोल करू दिला नाही. ०-०!" मग थोडं थांबून म्हणाला, "त्यांनी पण रिपीटच केलं की गं. तेही तिसरीत बसून."

मला एकदम काही बोलता येईना. वर्गात बसणाऱ्या लेकराला लाज वाटत नव्हती, ती वाटत होती मला. ते त्याला बरोबर कळत होतं, म्हणून तो गप्प होता.

मैत्रिणींनो, रिपीट केलं की यश मिळतंच, असं मी म्हणणार नाही. डेंपोही अजून सगळ्यात वरच्या पायरीवर पोचलेला मी पाहिला नाही. पण घसरल्यावर कुलूप लावणारे आणि घसरल्यावर सराव चालू ठेवणारे, यात फरक असतो. आणि सराव चालू राहायचा असेल, तर घरातल्या माणसांनी त्या पोराला लपवून ठेवून चालत नाही.

पुढच्या बैठकीत एकीनं नेहमीसारखं विचारलं, "ताई, धाकटा काय करतोय?"

"रिपीट करतोय," मी म्हटलं. "आणि अभ्यास झाला की फुटबॉलच्या मॅच बघतोय."

बैठक संपल्यावर दोघी-तिघी मागं थांबल्या. त्यांच्याही घरी एकेक रिपीटर होता. कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं.